करकरणाऱ्या फळीचा नंबर

सासऱ्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या फिडलच्या शंभर तबकड्या काढायच्या, एवढंच माझ्या मनात होतं. आमच्या ग्लेनबारा गावात घरं ब्याण्णव. उरलेल्या आठ तबकड्या पाद्रीबाबांना आणि बॉस्टनला गेलेल्या नातेवाइकांना. इतक्या लहान कामात माणसाची फजिती होऊन होऊन किती होणार? शिवाय मी तालुका कचेरीच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. फॉर्म भरणं हा माझा पिंड आहे. लोक समुद्राकडे बघून प्रसन्न होतात, मी रिकाम्या रकान्यांकडे बघून होतो.

टेप घरातच होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एक दाढीवाला पाहुणा मोठं यंत्र घेऊन कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावर गावोगाव हिंडत होता. तो याच घरात तीन दिवस राहिला. सासूबाईंच्या हातचा काकवीचा पाव खाल्ला, स्वयंपाकघरात बाबांची फिडल आणि सासूबाईंची पायपेटी टेप केली, आणि जाताना एक प्रत इथे ठेवून दुसरी बरोबर घेऊन गेला. ही दुसरी प्रत कुठे गेली, ते पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही.

सासूबाईंना, म्हणजे एफीला, जाऊन सहा वर्षं झाली. पायपेटी अजून खिडकीखाली आहे. तिच्यावर कोणी काही ठेवत नाही. साधं वर्तमानपत्रसुद्धा नाही.

इनव्हर्नेसच्या ग्रंथालयातल्या बाईंनी टेप संगणकावर चढवून दिली. संगीत संपलं तिथे त्यांनी कळ दाबून यंत्र थांबवलं, कारण पुढे नुसती खरखर होती आणि त्यांची जेवणाची वेळ झाली होती. मी ती खरखर न तपासता सही करून टेप घेतली. पाणीखात्यात असं मी कधी केलं नसतं.

पुढे तबकड्या छापणाऱ्या कारखान्याने विचारलं, “प्रत्येक ट्रॅकचा नंबर कुठे आहे?” तेव्हा कळलं, की प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा नंबर लागतो, बाळाला जन्मदाखला लागतो तसा. आणि तो देतो टोरांटोतला संगीत उद्योगाचा राष्ट्रीय संघ. देशातल्या सगळ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा हा संघ. कोणाची तबकडी खपाच्या जोरावर सोन्याची झाली, कोणी कोणाचं गाणं चोरलं, सगळं तिथे ठरतं. मी फॉर्म मागवला. नऊ पानांचा होता. मला भरून आलं.

पहिला रकाना, ‘शीर्षक’. मी पेन घेऊन बाबांसमोर बसलो. बाबा, म्हणजे फिनले मॅकेकर्न, चहात ओटची भाकरी बुडवत होते.

“बाबा, पहिल्या चालीचं नाव काय?”

“कुठली पहिली?”

“टेपवर पहिली येते ती.”

“ती होय? ती मोठ्या आर्चीकडून घेतलेली.”

“नाव?”

“आर्ची.”

“आर्चीचं नव्हे बाबा, चालीचं.”

“चालीला नाव कशाला? हाक मारली की येणार आहे का ती?”

“बरं, दुसरी?”

“ती पहिलीच्या नंतरची.”

“आणि पहिली संपते कुठे? इथे सुरुवात आणि शेवट लिहायचा आहे.”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण मुलगी कोणाला दिली. “लिओ, नाचणाऱ्यांचे पाय हवेत असतात. तेव्हा थांबायचं म्हणतोस?”

खरं होतं. त्या टेपवर अकरा चाली एकमेकींचा हात धरून येतात. कुठे एकीने सोडलं आणि दुसरीने धरलं, ते वाजवणाऱ्यालाच कळतं, आणि वाजवणारा सांगत नव्हता.

माझी बायको मोराग भांडी पुसता पुसता म्हणाली, “आईकडे प्रत्येक चालीचं गाणं होतं की. चाल विसरू नये म्हणून म्हणायची.” आणि ओला फडका खांद्यावर टाकून तिने म्हणून दाखवलं. गेलिक या इथल्या जुन्या स्कॉटिश भाषेतलं ते गाणं आपल्या बोलीत उतरवलं तर असं काहीसं होईल,

*कोंबडी शिरली राशीत गं, अंडं लपलं कुशीत,*
*फिनले माझा नादावला, चहा निवला बशीत.*

बाबांची भाकरी चहात पडली. ती त्यांनी काढली नाही. मग खाली बघूनच म्हणाले, “तिसरीला ‘धाकट्या दिराच्या लग्नात गं, मेंढी नाचली अंगणात’ होतं.” संध्याकाळ होईपर्यंत अकराच्या अकरा गाणी निघाली, अकरा रकाने भरले, आणि मी फॉर्म रवाना केला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण आधीच नोंदलेल्या ध्वनिमुद्रणाशी तंतोतंत जुळते. संग्रह: बेटावरची स्वयंपाकघरे, भाग तीन. फिडल: अज्ञात. पायपेटी: अज्ञात. हरकत असल्यास तीस दिवसांत पुराव्यासह कळवावी.’ खाली सही, इफेओमा ओकाफोर, नोंदणी विभाग.

दुसरी प्रत अशी सापडली. दाढीवाला वारला होता, त्याच्या टेपा कोणीतरी विकत घेतल्या होत्या, त्याच्याकडून आणखी कोणी. या विकाविकीत नावाची चिठ्ठी कुठेतरी गळून पडली होती.

मी पत्र मोठ्याने वाचलं. वाटलं, बाबा भडकतील. पण ते बराच वेळ पायपेटीकडे बघत राहिले.

“मला अज्ञात म्हणाले तर चालेल,” ते म्हणाले. “मी आहे अजून, विचारलं कोणी तर सांगेन. तिला नको म्हणायला.”

त्यापुढे शंभर तबकड्या, वाढदिवस, केक सगळं मागे पडलं. मी त्याच मिनिटाला ठरवलं, की सासूबाईंचं नाव त्या रकान्यात आल्याशिवाय मी काही सोडणार नाही. गंमत म्हणजे सासूबाईंनी चोवीस वर्षांत एकदाही माझी बाजू घेतली नव्हती. मी पडलो शेतीकाम नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या फ्रेंच कोळ्यांतला, ‘तो मासळीवाल्यांचा लिओ’. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. त्यांच्या पत्रिकेत मी कधी दिसलोच नाही.

पहिला सल्ला शेजारच्या हेक्टरचा. हेक्टर एक्क्याऐंशी साली अकरा महिने टोरांटोला होता, त्यामुळे टोरांटोसंबंधी आमच्या गावात शेवटचा शब्द त्याचा.

“टोरांटोत कागद वजनावर घेतात, लिओ,” तो म्हणाला. “पातळ पाकीट उघडतसुद्धा नाहीत. सह्या गोळा कर.”

मी एक्केचाळीस सह्या गोळा केल्या. प्रत्येक सहीमागे एक कप चहा प्यालो. ‘ही फिडल फिनलेची आणि पेटी एफीची, हे आम्ही शपथेवर सांगतो.’ पाकीट चांगलं जाडजूड झालं. आठवड्याने नोंदणी विभागाच्या इफेओमाबाईंचा फोन आला. बाईंचा आवाज मृदू होता, पण मृदूपणाने नाही म्हणणाऱ्यांच्या खात्यात मी जन्म काढलाय. मी लगेच ओळखलं.

“श्रीयुत बूड्रो, एक्केचाळीस सह्यांपैकी अडतीस मॅकेकर्न आहेत.”

“हो. उरलेल्या तिघी माहेरच्या मॅकेकर्न.”

“त्यात जॉन मॅकेकर्न नऊ वेळा आहेत.”

“नऊ जण आहेत, बाई.”

“अक्षरही बरंचसं सारखं दिसतंय.”

“एकाच शाळेतले, एकाच मास्तरीणबाईंच्या हाताखालचे.”

“यांना वेगळं ओळखायची काही सोय?”

सोय होती. गावात रोज तीच वापरतात. मी यादी पाठवली. तांबडा जॉन, टपालवाला जॉन, टपालवाल्याचा जॉन, उंच जॉन (हा बुटका आहे, उंचावर राहतो), आणि असेच बाकीचे. उलट टपाली प्रश्न आला, ही सर्व नावे रंगमंचावरील आहेत काय. असल्यास प्रत्येकासाठी फॉर्म क्रमांक सहा. नऊही जॉन फॉर्म भरायला तयार झाले. आपलं नाव टोरांटोला जाणार म्हटल्यावर उंच जॉनने केसही कापून घेतले. मीच कसंबसं आवरलं.

मी पुन्हा फोन लावला. “बाई, माझ्याकडे पंधरा दिवस उरलेत. नेमकं काय हवंय तुम्हाला, ते सांगा. आणतो.”

“माणसांचं म्हणणं मला वापरता येत नाही,” इफेओमाबाई म्हणाल्या. “आवाजाचा पुरावा द्या. त्या टेपवर असं काही ऐकू येतं का, जे तुमच्याच घरात आहे आणि दुसरीकडे नाही?”

त्या रविवारी चर्चमधली मास-प्रार्थना आटोपल्यावर आम्ही टेबलाभोवती बसलो. बाबा, मोराग, हेक्टर आणि सहकारी भांडारातली ॲग्नेस. ॲग्नेसला मी बोलावलं नव्हतं. तिला बोलवावं लागत नाही. मी टेप लावली.

फिडल सुरू झाली आणि तिच्याखाली बाबांची टाच. आमच्याकडे फिडलवाला बसून वाजवतो आणि टाचेने लाकडी जमिनीवर ठोका धरतो. ज्याची त्याची टाच वेगळी. ठक्. ठक्. पण ही नुसती ठक् नव्हती. ठक्-कुईं, ठक्-कुईं. दर ठोक्याच्या शेपटीला एक बारीक कुरकुर, झोळीतून बाळाने हुंकार द्यावा तशी.

मोराग एकदम म्हणाली, “ही आपली फळी.”

“चुलीपुढची,” ॲग्नेस म्हणाली. “एफीला मी मागल्या दाराने यायची, तर आधी ती फळी सांगायची मी आले म्हणून.”

“हा पुरावा,” हेक्टर म्हणाला. “अशी फळी टोरांटोत नाही. मी राहिलोय तिथे.”

आणि मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे एक कबुली द्यायला हवी. गेल्या उन्हाळ्यात मी त्या फळीची दुरुस्ती केली होती. कोणी सांगितलं नव्हतं. निवृत्त माणूस, हाती नवा स्क्रूड्रायव्हर. बावीस स्क्रू मारले, जमिनीखालच्या पोकळीत शिरून तीन पाचरी ठोकल्या, वरून गोंद लावून विटेच्या नक्षीचं लिनोलियम अंथरलं. करकर अशी बंद केली, की घोडा नाचवला तरी आवाज येणार नाही. कोणी शाबास म्हणालं नाही. मी मात्र रोज सकाळी त्या जागी उभा राहून एकदा मनातल्या मनात म्हणून घ्यायचो.

“तरीच,” मोराग सावकाश म्हणाली. “बाबा, वर्ष झालं, तुम्ही स्वयंपाकघरात वाजवलं नाहीत. बोटं आखडली म्हणालात.”

बाबा कानामागे खाजवत राहिले. “मग काय म्हणू? जावयाने एवढ्या हौसेने केलेलं. ती फळी माझ्या पायाला उत्तर द्यायची, गं. आता टाच मारली की वाटतं, रिकाम्या घरात एकटाच बोलतोय.”

मी उठून बाहेर गेलो आणि सरपणाच्या ढिगाकडे बघत उभा राहिलो. सरपण व्यवस्थित रचलेलं होतं. तेही मीच रचलं होतं.

परत आलो ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच. संघाला कळवून टाकलं, पुरावा आहे, प्रत्यक्ष ऐकवू. इफेओमाबाईंनी गुरुवार सकाळी दहाची वेळ दिली. त्या संगणकाच्या पडद्यावरून ऐकणार होत्या.

माणूस काम वाईट करतो तेव्हा ते उसवायला सोपं असतं. माझं दुर्दैव असं, की मी ते उत्तम केलं होतं. लिनोलियम सोमवारचा सबंध दिवस घेऊन टिचभर टिचभर निघालं. मंगळवारी बावीस स्क्रू निघाले. फळी मोकळी झाली आणि मी टाच मारली. ठक्. दुसरं काही नाही. सुताराकडे गेलो, तर त्याने हातोडा खाली ठेवला. “चाळीस वर्षं मी लोकांच्या फळ्या गप्प केल्या. आता बोलत्या करायला लागलो, तर मला कोण बोलावील?” हेक्टर म्हणाला, पाणी ओत. ओतलं. फळी फुगून जास्तच घट्ट बसली. ॲग्नेसने फिडलच्या गजाची राळ फटीत भरली. त्याने मांजर दिवसभर तिथेच चिकटून बसायला लागलं.

बुधवारी संध्याकाळी मी मान्य केलं, की दोष खालच्या पाचरींचा आहे, आणि त्या काढायला मला खाली जायला लागणार. गेल्या उन्हाळ्यानंतर त्या पोकळीत बटाट्यांचे खोके आले होते, आणि माझ्या कमरेलाही थोडं काही आलं होतं.

गुरुवारी पावणेदहाला मी आत शिरलो. दोन पाचरी निघाल्या. तिसरी निघेना. तेवढ्यात डोक्यावर दहाचे ठोके पडले आणि फटीतून इफेओमाबाईंचा आवाज आला.

“उपस्थितांची नोंद घेते. फिनले मॅकेकर्न. मोराग मॅकेकर्न-बूड्रो. आपण कोण?”

“हेक्टर. मी टोरांटोला होतो.”

“श्रीयुत बूड्रो?”

“तो खाली आहे,” हेक्टर म्हणाला.

“खालच्या मजल्यावर?”

“खालचा मजला नाही आम्हाला. फळीखाली आहे.”

वर टकटक टंकल्याचा आवाज आला. मी पाणीखात्याच्या नऊ समित्यांवर काम केलेला माणूस. माझी उपस्थिती याआधी कधी जमिनीखाली नोंदली गेली नव्हती.

“सुरू करा,” बाई म्हणाल्या.

वर्षभराने त्या स्वयंपाकघरात फिडल वाजली. पहिले चार सूर चाचपडले, आंधळ्याने ओळखीचं दार चाचपडावं तसे. मग कोंबडी राशीत शिरली, चहा बशीत निवायला लागला. बाबांची टाच माझ्या कपाळापासून वीतभर वर पडत होती. ठक्. ठक्. नुसती ठक्. पाचर जागची हलेना. मी बटाट्यांच्या खोक्याला पाय लावला, दोन्ही हातांनी पाचर धरली आणि मनात म्हणालो, सासूबाई, माझ्यासाठी नको, तुमच्या नावासाठी तरी.

खोकं उलटलं. बटाटे गडगडत अंगावर आले. पाचर हातात आली. डोळ्यांत पन्नास वर्षांची धूळ पडली.

ठक्-कुईं.

बाबांचा गज एका ठोक्यापुरता अडखळला. मग फिडल अशी सुटली, की काय सांगू. ठक्-कुईं, ठक्-कुईं. अकराच्या अकरा चाली त्यांनी न थांबता वाजवल्या. मी बटाट्यांत पडून ऐकत होतो. वर कोणीतरी नाचत होतं. पावलांवरून ॲग्नेस असावी.

शेवटी शांतता झाली. बाई म्हणाल्या, “मी दोन्ही एकावर एक ठेवून ऐकते आहे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तीच फळी. हरकत मान्य करायला मला अडचण दिसत नाही. एक औपचारिकता राहिली. मूळ टेप संपूर्ण हवी, शेवटचा कोरा भाग धरून.”

“कोऱ्या भागाचं काय करणार तुम्ही?” मी खालून विचारलं.

“नियम आहे, श्रीयुत बूड्रो.”

नियम म्हटल्यावर माझ्या अंगी बळ येतं. हेक्टर आणि उंच जॉनने पायाला धरून मला बाहेर ओढलं, आणि मी तसाच मळक्या कपड्यांनी ग्रंथालयात गेलो. या खेपेला टेप शेवटपर्यंत चढवून घेतली आणि पाठवून दिली. ऐकायचा धीर नव्हता. कानात अजून बटाटे गडगडत होते.

शनिवारी फोन वाजला. सुट्टीच्या दिवशी.

“श्रीयुत बूड्रो, संगीत संपल्यावर चार मिनिटांनी एक बाई बोलतात. यंत्र बंद करायचं राहून गेलं असावं. भाषा मला येत नाही. फाइलसाठी अर्थ लागेल.”

मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. बाबा पेटीशेजारी बसले होते, मोराग कणीक मळत होती. आधी खरखर आली. मग खुर्ची सरकली. किटलीचं झाकण वाजलं. आणि मग सहा वर्षांनी, अगदी जवळून, पाठमोऱ्या बाईने मागे न बघता बोलावं तसा तो आवाज आला.

“फिनले, गेला ना तो पाहुणा अंगणात? मग ती मेली फळी एकदा ठोकून घे. पन्नास वेळा सांगितलं.”

मोरागचे हात कणकेत तसेच राहिले. बाबा खाली, पायाजवळच्या फळीकडे बघत होते. आणि मी, देवाची शपथ, अशा प्रसंगी असं वाटणं बरं नव्हे, पण माझी छाती फुगली. सासूबाईंनी माझी बाजू घेतली होती. त्यांच्याच घरात, सगळ्यांसमोर. पन्नास वर्षं आधीच घेऊन ठेवली होती. मलाच यायला उशीर झाला.

“काय म्हणाल्या त्या?” फोनमधून बाईंनी विचारलं.

बाबा फोनकडे वाकले. “घरातलं बोलणं आहे, पोरी. तू लिही. पायपेटी, एफी मॅकेकर्न. दोन ‘एफ’.”

“लिहिलं,” त्या म्हणाल्या. “नियमाप्रमाणे तो वेगळा ट्रॅक धरावा लागेल. सतरा सेकंद. शीर्षक काय देऊ?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी शीर्षक सांगितलं.

तबकड्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आल्या. कागदावर बारा ट्रॅक आणि बारा नंबर आहेत. शेवटच्यापुढे ‘फळी ठोकून घे’, आणि कलाकार म्हणून एकच नाव, सासूबाईंचं. ब्याण्णव घरांत ती तबकडी वाजते, आणि ब्याण्णव घरांतल्या बायका तो ट्रॅक नवऱ्यांना ऐकवतात असं ॲग्नेस सांगते.

आमच्याकडे लिनोलियम परत घातलं नाही. हातोडा मी माळ्यावर ठेवला आहे, सगळ्या सामानाच्या वर. बाबा रोज सकाळी चहा झाल्यावर चुलीपुढे बसतात आणि तबकडीबरोबर वाजवतात. अकरा चाली झाल्या की गज मांडीवर ठेवून थांबतात. खरखर येते, खुर्ची सरकते, झाकण वाजतं, आणि त्या सांगतात.

“उद्या करतो, एफी,” बाबा म्हणतात, आणि टाच मारतात.